तिघांपर्यंत ओळ

सालास्पिल्स. फेब्रुवारी. नदीवरचा बर्फ एवढा जाड
की मासे धरणारे त्यावर स्टूल टाकून बसलेत.
इथे आत हीटर कण्हतोय,
आणि तांब्याच्या वेटोळ्यांच्या तीन जोड्यांमध्ये
मी एक थेंब ठेवलाय,
दोन काचांच्या मध्ये, कडा मेणानं बुजवून.

वेटोळ्यांचं काम एकच: पृथ्वीला गप्प करणं.
आकडा शून्याला टेकला
की त्या थेंबापुरती उत्तर दिशा पुसली जाते.
होकायंत्राची सुई तिथं नेली तर
परक्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी
कुठं बसू, कुठं बसू करत राहील.

थेंबात फेराइटचे कण. रक्तातल्या पेशीहून लहान.
प्रत्येकाला एक डोकं, एक शेपूट.
डोक्याला शेपूट चालते.
डोक्याशी डोकं आलं की पाठ फिरवलीच.
बस, एवढंच त्यांचं शिक्षण.

"मग यांना सांगतं कोण?" इल्गवार्सनं विचारलं होतं,
पहिल्या वर्षाचा, नखांत अजून स्कीचं मेण.
कुणी नाही रे.
पाणी ढकलत असतं सारखं, आंधळेपणानं,
हे नुसते धक्के खात फिरतात,
आणि एखादा धक्का बरोबर बसतो.

दोघे भेटले तर ओळ होते.
तिघे भेटले तरी ओळच,
कारण तिघांना वाकणं परवडत नाही.
चौथा आला की मात्र ओळ कमरेत सैल होते,
टोक टोकाला चाचपतं
आणि फेर धरला जातो.
एकदा मिटला की बाहेर काही सांडत नाही.
जवळून जाणाऱ्या सुईला पत्ताही लागत नाही
की इथं चौघं एकमेकांना इतकं घट्ट धरून आहेत.

आम्ही तिघं होतो. आई, उल्डिस, मी.
बाबा ट्रॉलरवर गेले,
लास पाल्मासला उतरले ते उतरलेच.
आईनं जेवायचं टेबल सरकवलं,
त्याची चौथी बाजू भिंतीला लावली,
आणि म्हणाली, खोली मोठी वाटते नाही आता?

एकोणनव्वदचा ऑगस्ट. संध्याकाळचे सात.
तीन देशांची माणसं रस्त्यावर, हातात हात.
आम्ही बाउस्काच्या रस्त्याला, बटाट्याच्या शेताकडेला.
मी सात वर्षांची. उल्डिसचा हात चिकट, कसल्यातरी जॅमनं.
आईच्या पुढे दोन पावलांची फट,
फटीपलीकडे हिरव्या स्कार्फची एक बाई, हात पुढे करून.
आईनं कमरेचा पट्टा सोडला,
बक्कल त्या बाईकडे फेकलं.
जुळलं.

लोक सांगतात, तेव्हा त्यांना रडू आलं.
मला आठवतो तो आईचा घसरणारा स्कर्ट.
दोन्ही हात अडकलेले,
आणि ती हसतेय, गुडघे एकमेकांना दाबून,
त्या अनोळखी बाईकडे बघत हसतेय,
बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

पंधरा मिनिटं. मग गाड्या सुरू झाल्या.
पट्टा परत आला, बाई गेली.
आमच्या दोन्ही बाजूंना पुन्हा हवा.

रेडिओनं सांगितलं होतं, हे खरंय.
पण त्या बाईला नेमकं आमच्या फटीशी
ढकललं कुणी, ते मी अजून शोधतेय,
आणि पगार मात्र दुसऱ्याच कामाचा घेतेय.

आता पडद्यावर तिघांची ओळ आहे.
पावणेनऊपासून तशीच, जरा थरथरती.
चौथा वरच्या कोपऱ्यात, एका बुडबुड्याच्या आडोशाला.
आला, थांबला, मागे गेला.
वेटोळ्यांचं बटण माझ्या अंगठ्याखाली आहे.
थोडं क्षेत्र दिलं तर निमूटपणे वळेल,
पण ओळीतच उभा राहील.
फेर दाबून होत नाही.

पहारेकरी दारात येतो, किल्ल्या वाजवतो.
व्हेल्गा, शेवटची बस.
दहा मिनिटं, मी म्हणते,
आणि डोळा भिंगाला लावते.
बुडबुडा किंचित हललाय.